कृतज्ञतेची वही: रोज तेच तेच का लिहिलं जातं आणि त्यावर काय करावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड महिन्यापासून तुम्ही रोज रात्री झोपण्यापूर्वी, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा तीन गोष्टी वहीत लिहिता. पहिले आठ-दहा दिवस छान वाटलं. आता 'कुटुंब, तब्येत, नोकरी' हेच तीन शब्द उमटतात आणि मनात काहीच हलत नाही. त्यातच वडिलांचं आजारपण सुरू झालंय. अशा दिवसांत चांगलं चांगलं लिहिणं तुम्हाला खोटं वाटतं आणि नाही लिहिलं तर अपराधी वाटतं. हे चालू ठेवावं का, रोज लिहायलाच हवं का, आणि घरातल्या मुलांनाही ही सवय लावावी का, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं समुपदेशक म्हणून काम करते आणि हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्यासमोर सतत येतो. आधी सरळ उत्तर देते. सोडू नका, पण आता जसं लिहिताय तसं लिहू नका. आठवड्यातून दोन-तीनदा एकच गोष्ट लिहा आणि ती कशामुळे घडली, कोणी काय केलं म्हणून घडली, हे तिच्याखाली लिहा. पुढचं सगळं याच सल्ल्याचा विस्तार आहे. पण तो वाचा, कारण या सवयीत लोक जिथे अडतात त्या जागा बहुतेक ठरलेल्या असतात आणि तुम्ही त्यांतल्या दोन जागांवर एकाच वेळी उभे आहात.

आधी वही कोरडी का पडली ते पाहू. जे रोज सारखंच मिळतं त्याकडे लक्ष देणं मन थांबवतं. नवा चष्मा दोन दिवस नाकावर जाणवतो आणि आठवड्याने तो आहे हेही आठवत नाही, तसंच. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये हाच मुद्दा मांडला होता. माणूस चांगल्या बदलांनाही सरावतो आणि वाईट बदलांनाही, आणि काही काळाने त्याचं समाधान पुन्हा मूळ पातळीच्या आसपास येतं. याच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे. वाईट घटना मनावर चांगल्या घटनांपेक्षा जास्त खोल उमटते. रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला, त्यात नाती, भावना, शिकणं अशा कितीतरी ठिकाणी हेच दिसलं. म्हणूनच दिवसभरात नऊ कामं सुरळीत झाली आणि एक बिघडलं, तर रात्री उशीला डोकं टेकल्यावर बिघडलेलंच घोळत राहतं.

कृतज्ञतेची वही हा या दोन्हींवरचा उतारा. पण मन वहीलाही सरावतं. 'कुटुंब' हा शब्द पहिल्या दिवशी लिहिला तेव्हा त्याच्यामागे माणसं उभी होती. चाळिसाव्या दिवशी त्याच्यामागे कोणी नसतं, हात आपोआप लिहून मोकळा होतो. पाट्या टाकल्यासारखं ते काम उरकलं जातं. यात तुमच्या मनाचा कोरडेपणा नाही. 'कुटुंब' हे मथळ्यासारखं आहे, त्याखालची बातमी लिहायची राहून गेली आहे, इतकंच.

या सवयीमागे कोणतं संशोधन आहे ते सांगते, म्हणजे त्यातला कोणता भाग आपण गाळतो हे लक्षात येईल. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्‌कलो यांचा २००३ सालचा अभ्यास या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. त्यांनी काही लोकांना ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना रोजचे त्रास आणि कटकटी, तर काहींना नुसत्याच घडलेल्या घटना. कृतज्ञतेच्या गटातले लोक आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळले. याच अभ्यासाच्या एका भागात स्नायू आणि मज्जातंतूंच्या दीर्घ आजारांसोबत जगणारी माणसं होती. त्यांनी २१ दिवस लिहिलं आणि त्यांची झोपही सुधारली. हे मुद्दाम सांगतेय, कारण ही सवय फक्त सुखात असलेल्यांसाठी आहे असा एक समज असतो आणि तुमच्याही प्रश्नात तो थोडासा डोकावतो.

दुसरा अभ्यास मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २००५ सालचा. 'रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा' हा सल्ला सगळीकडे फिरतो तो मुख्यतः इथून आलेला. पण फिरता फिरता त्याचा अर्धा भाग गळून पडला. त्या लोकांना एक आठवडा रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या होत्या, आणि प्रत्येक गोष्टीपुढे ती का घडली याचं कारणही लिहायचं होतं. त्यांच्यातलं समाधान वाढलेलं आणि उदासी कमी झालेली सहा महिन्यांनंतरही दिसली. ज्यांनी आठवडा संपल्यावर आपणहून लिहिणं चालू ठेवलं त्यांना जास्त फायदा झाला. माझ्या अनुभवात सगळी मेख त्या 'का घडली' मध्ये आहे. तेवढं गाळलं की उरते ती यादी, आणि यादी पंधरा दिवसांत मरते.

एक उदाहरण देते. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंच्या वहीत दर दोन-तीन दिवसांनी 'ऑफिसमधले सहकारी' अशी नोंद असे. मी विचारलं, शेवटचं कधी आणि कोणाबद्दल वाटलं? त्या जरा थांबल्या आणि मग म्हणाल्या, परवाच्या मीटिंगमध्ये माझ्या तक्त्यातला एक आकडा चुकला होता. शेजारी बसलेल्या मुलीने काही न बोलता कागदाचा एक कपटा माझ्याकडे सरकवला, त्यावर बरोबर आकडा होता. मी विचारलं, तिला तो का सरकवावासा वाटला असेल? त्यावर त्यांनी सुरुवातीला 'चांगली आहे ती' एवढंच उत्तर दिलं. पण आम्ही तिथेच थांबलो. तिला चूक दिसली, म्हणजे ती माझं काम लक्ष देऊन पाहत होती. माझ्यानंतर तिचीच बोलायची पाळी होती, म्हणजे ती स्वतःच्या तयारीतून वेळ काढत होती. सगळ्यांसमोर चूक दाखवली असती तर तिची हुशारी दिसली असती, ते तिने केलं नाही. आणि तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलंही नाही, म्हणजे मला ओशाळं वाटू नये हेही तिच्या मनात असणार. हे एकेक करून बोलता बोलता त्या बाईंचा आवाज भरून आला. घटना तीच, दोन दिवसांपूर्वीची. तिच्याकडे पूर्ण पाहिलं मात्र आत्ता.

त्यांनी त्या रात्री वहीत लिहिलेली ओळ साधारण अशी होती: 'तिने आकडा लिहून दिला आणि माझ्याकडे पाहिलं नाही.' मला विचाराल तर या एका ओळीत महिन्याभराच्या 'सहकारी, सहकारी, सहकारी' पेक्षा जास्त दम आहे.

तेव्हा लिहिताना स्वतःला तीनच गोष्टी विचारा. हे कोणी जाणूनबुजून केलं का? त्यासाठी त्याला काही खर्चावं लागलं का, वेळ, झोप, सोय, मानपान, काहीही? आणि माझं त्याने नेमकं काय हलकं झालं? तिन्हींची उत्तरं दरवेळी मिळतीलच असं नाही. कधी चांगली गोष्ट कोणाच्याही प्रयत्नाने घडत नाही. पाऊस थांबला, वेळेवर झोप लागली, खिडकीतून वारा आला. अशा गोष्टीही लिहाव्यात, त्या माणसाला वर्तमानात आणतात. पण वहीत निम्म्याहून अधिक जागा माणसांना मिळाली तर ही सवय खोल रुजते, असं मी पाहिलंय. वारा आला याने बरं वाटतं. कोणीतरी आपल्यासाठी खिडकी उघडली हे लक्षात आलं की आपण एकटे नाही हेही कळतं.

तब्येतीचंही तसंच. 'तब्येत चांगली आहे' याला काही पकड नाही. 'आज जिना चढताना गुडघ्याची आठवणच झाली नाही' याला आहे. आणि कारण? गेल्या वर्षी कोणीतरी मागे लागून व्यायाम करायला लावला, कोणीतरी तो नीट शिकवला, तुम्ही तो कंटाळा आला तरी केला. स्वतःच्या कष्टांनाही श्रेय द्या. त्यात काही कमीपणा नाही.

शब्द अगदीच सुचत नसतील त्या दिवशी उलट्या बाजूने जाऊन पाहा. मिंक्यूंग कू, सारा अल्गो, टिमथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २००८ मध्ये एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना त्यांनी आपला जोडीदार कसा भेटला ते लिहायला सांगितलं, आणि काहींना आपली भेट कशी झालीच नसती ते लिहायला सांगितलं. दुसऱ्या प्रकारे लिहिणाऱ्यांना आपल्या नात्याबद्दल जास्त समाधान वाटलं. कारण सोपं आहे. 'आहे' ची सवय झालेली असते, 'नसतं तर' ची झालेली नसते. तेव्हा 'नोकरी' लिहायचा हात शिवशिवला, तर त्याऐवजी लिहा की ती मिळण्याआधी कोणकोणत्या वळणांवर ती हुकू शकली असती. कोणी जागा असल्याचं कळवलं नसतं तर? मुलाखतीच्या आदल्या दिवशी कोणी धीर दिला नसता तर? हा प्रयोग महिन्यातून एखाद्या वेळी पुरे. रोज केला तर तो काळजीकडे झुकतो, आणि मुळात चिंता करण्याचा स्वभाव असेल तर तो अजिबात करू नये असं माझं मत आहे.

आता रोज लिहायचं का? सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अभ्यासात सहा आठवडे काहींना आठवड्यातून एकदा आणि काहींना तीनदा लिहायला सांगितलं. फायदा एकदा लिहिणाऱ्यांना झाला. तीनदा लिहिणाऱ्यांत तो दिसला नाही. दुसरीकडे, रोज लिहूनही फायदा झाल्याचे अभ्यास आहेत, त्यांतले दोन वर सांगितलेच. मला यातून दिसतं ते असं की आकडा महत्त्वाचा नाही, ताजेपणा महत्त्वाचा आहे. म्हणून मी लोकांना पाहणं आणि लिहिणं वेगळं करायला सांगते. पाहायचं रोज, लिहायचं आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा. रोज दिवसभरात एकदा तरी 'हे माझ्यासाठी कोणीतरी केलं' असं मनात टिपायचं. हीच खरी रोजची सवय. वही ही तिची अधूनमधूनची उजळणी. आठवड्यातले ठरलेले वार असले की निवडही करावी लागते, चार-पाच टिपलेल्या गोष्टींतली कोणती लिहावी, आणि त्या निवडण्यातच निम्मं काम होऊन जातं.

सवय लागायला २१ दिवस लागतात हे तुम्ही कुठेतरी ऐकलं असणार, म्हणूनच दीड महिना होऊनही ती 'लागली' नाही याचं तुम्हाला वाईट वाटतंय. त्या आकड्याला काही आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं, तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. एखादी कृती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले आणि माणसामाणसांत फरक एवढा की कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांवर गेला. त्यात आणखी एक दिलासा देणारी गोष्ट होती: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. तेव्हा चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी सहा गोष्टी लिहू नका. चुकला तो चुकला.

टिपण्यासाठी मनाला एखादी ठरलेली खूण द्या. 'वेळ मिळेल तेव्हा' असं ठरवलं की वेळ मिळत नाही. पीटर गोलविट्झर यांचं संशोधन सांगतं की 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं आधीच नेमकं ठरवलेल्या गोष्टी जास्त वेळा तडीस जातात. ऑफिसचा कॉम्प्युटर बंद केला की, दिवा मालवला की, घराचं दार लावलं की, जे तुमच्या दिवसात न चुकता घडतं त्याला ही टिपणी जोडून टाका. रात्रीच लिहायला हवं असं काही नाही. फक्त ज्यांना पडल्या पडल्या विचारांचं चक्र लागतं त्यांना रात्रीची वेळ मानवते. अ‍ॅलेक्स वुड आणि सहकाऱ्यांच्या २००९ मधल्या अभ्यासात कृतज्ञ वृत्तीच्या लोकांची झोप चांगली असल्याचं आणि त्याचं कारण झोपण्यापूर्वी मनात येणाऱ्या विचारांत असल्याचं दिसलं. वही की मोबाइल, या वादात मला पडायचं नाही. ज्यावर तुमचा हात संथ चालतो ते घ्या.

आता तुमच्या प्रश्नातला अवघड भाग. वडील आजारी असताना 'कशाबद्दल कृतज्ञ?' हा प्रश्नच बोचतो. बोचणारच. इथे मी तुम्हाला एक गोष्ट ठामपणे सांगते: कृतज्ञता दुःखाच्या जागी ठेवायची नसते, ती दुःखाच्या शेजारी ठेवायची असते. त्या दिवशीच्या पानावर आधी जे खरं आहे ते लिहा. 'आज भीती वाटली. रिपोर्ट समजला नाही. चिडचिड झाली आणि घरच्यांवर निघाली.' हे लिहून झाल्यावर, वाटलं तरच, दुसरी ओळ लिहा. मधे 'पण' लिहू नका. 'भीती वाटली, पण निदान...' असं वाक्य सुरू झालं की ते पहिल्या अर्ध्या भागाला गप्प करतं. दोन्ही ओळी आपापल्या जागी खऱ्या राहू द्या.

आजारपणाच्या दिवसांत ती दुसरी ओळ कुठे सापडते? तीनचार जागा सांगते, तुमच्या घराला लागू पडतील त्या घ्या. रात्री जागायची पाळी कोणीतरी न मागता बदलून घेतलेली असते. नर्सने सुई टोचण्यापूर्वी वडिलांना हळू आवाजात सांगितलेलं असतं की आता थोडं दुखेल. एखाद्या मित्राने 'काही लागलं तर सांग' असं न म्हणता सरळ येऊन दोन तास बसून तुम्हाला झोपायला पाठवलेलं असतं. आणि वडिलांनी स्वतः, दुखत असताना, तुम्ही जेवलात का ते विचारलेलं असतं. ही ओळ लिहिल्याने आजार हलका होत नाही, तसं वचन मी देणार नाही. पण आजारपण दिवसाचे सगळेच्या सगळे तास गिळून टाकतं, त्यातला एखादा क्षण तुमच्या हाती परत येतो. पुढे कधीतरी हे दिवस आठवाल तेव्हा ती माणसंही आठवतील.

एखाद्या दिवशी दुसरी ओळ सुचलीच नाही तर पान तसंच मिटा. त्याचा अपराध मानू नका.

'इतरांकडे तर एवढंही नसतं' हा विचार मात्र या वहीतून बाहेर ठेवा. तो फार सहज येतो आणि आपल्याला लहानपणापासून ऐकवलेलाही असतो. दुसऱ्याच्या हलाखीकडे पाहून जे वाटतं त्यात सुटका असते, थोडी भीती असते, थोडा अपराधीपणा असतो. आपल्याला कोणाकडून काय मिळालं याची जाणीव त्यात नसते. शिवाय त्यामुळे स्वतःचं दुखणं बोलून दाखवण्याचा हक्कच गेल्यासारखं वाटतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी माणसांनी वर्षानुवर्षं मदत मागितली नाही ती याच एका वाक्यापायी.

त्याहून गंभीर गोष्ट. घरात कोणी अपमान करत असेल, हात उगारत असेल, पैशांवरून कोंडी करत असेल, किंवा कामाच्या जागी पिळवणूक होत असेल, तर तिथे कृतज्ञतेचा सराव करू नका. 'पण तो बाकी चांगला आहे', 'निदान काम तरी आहे' अशा ओळी लिहून माणसं सोसण्याची ताकद वाढवत राहतात. तिथे गरज असते ती बाहेर पडण्याच्या वाटेची. चांगल्या वागणुकीबद्दल कृतज्ञ राहायचं, वाईट वागणुकीची भरपाई म्हणून नाही. कोणी तुम्हाला 'तू कृतज्ञ नाहीस' असं म्हणून गप्प करत असेल, तर ते वाक्य तुमच्या भल्यासाठी नाही हे ओळखा.

आणि ही सवय औषध नाही. डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चेवेन्स यांनी कृतज्ञतेच्या सरावांचे २७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांवर त्यांचा परिणाम अगदी माफक निघाला. हे मी निरुत्साह करण्यासाठी सांगत नाही. समाधान वाढवणं, नाती घट्ट करणं यात ही सवय खरंच कामाची आहे, पण आजाराचं काम तिच्यावर सोपवू नये. दोन आठवडे किंवा जास्त काळ मन बहुतेक वेळ खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नको असे विचार येत असतील तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि मदत घ्या. घरातल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांना नैराश्य गाठण्याची शक्यता जास्त असते, म्हणून हे तुम्हाला खास सांगतेय.

आता ज्या भागाबद्दल तुम्ही विचारलं नाही पण जो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, त्याकडे येते. वहीत लिहिलेलं त्या माणसापर्यंत पोहोचवणं. बहुतेक लोक इथे मागे सरतात. 'आता काय सांगायचं, त्याला माहीतच असेल', 'उगाच अवघडल्यासारखं होईल'. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये नेमकं हेच तपासलं. लोकांना त्यांनी आभाराची पत्रं लिहायला लावली आणि समोरच्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. मग पत्र मिळालेल्यांनाही विचारलं. लिहिणाऱ्यांनी समोरच्याच्या आनंदाचा अंदाज कमी केला होता आणि त्याला अवघडल्यासारखं वाटेल हा अंदाज जास्त. अ‍ॅडम ग्रँट आणि फ्रांचेस्का जिनो यांच्या २०१० मधल्या एका प्रयोगात, केलेल्या मदतीबद्दल साधे आभार मिळालेल्यांपैकी ६६ टक्के लोक पुन्हा मदतीला तयार झाले. ज्यांना नुसती पोच मिळाली त्यांच्यातले ३२ टक्केच.

पत्र लिहायचं तर मोठं नको. 'तुमचे खूप खूप आभार, तुम्ही फार महान आहात' अशाने वाचणारा खरंच अवघडतो, कारण त्यात त्याने केलेलं काहीच दिसत नाही. त्याने केलेली एक गोष्ट सांगा, त्या वेळी तुमची काय स्थिती होती ते सांगा, आणि त्यामुळे पुढे काय झालं ते सांगा. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी आपल्या जुन्या शिक्षकांना लिहिलेलं पत्र चारच वाक्यांचं होतं. नववीत ते वर्गात अडखळत वाचायचे आणि मुलं हसायची. एक दिवस सरांनी हसणाऱ्या मुलांना न रागावता पुस्तक हातात घेऊन तो परिच्छेद त्यांच्यासोबत एका सुरात वाचला. त्यानंतर वाचायची वेळ आली की सरांचा आवाज सोबत आहे असं त्यांना वाटत राहिलं. 'आता मी रोज माणसांसमोर बोलतो, ते त्या दिवसामुळे' हे शेवटचं वाक्य. सरांनी फोन केला, आणि त्यांना तो प्रसंग आठवतच नव्हता. म्हणजे न सांगितलं असतं तर तो त्यांच्या आयुष्यात कधी घडलाच नसता.

पत्र पाठवणं शक्य नसेल, माणूस हयात नसेल, किंवा संबंध गुंतागुंतीचे असतील, तरी लिहिणं वाया जात नाही. जोएल वाँग आणि सहकाऱ्यांनी समुपदेशन घेणाऱ्या सुमारे ३०० जणांवर अभ्यास केला. आभाराची पत्रं लिहिणाऱ्या गटाची मनःस्थिती ४ आणि १२ आठवड्यांनंतर इतरांपेक्षा चांगली होती, आणि त्यांच्यातल्या जेमतेम २३ टक्के लोकांनी पत्र प्रत्यक्ष पाठवलं होतं.

काही जणांना मात्र आभार मानताना मिंधं झाल्यासारखं वाटतं. 'आता परतफेड करावी लागणार' हा हिशोब लगेच सुरू होतो. तसं वाटलं तर ज्याच्याबद्दल वाटतंय तो माणूस बघा. जो खरोखरच हिशोब ठेवतो, दिलेलं बोलून दाखवतो, त्याच्याबाबत तुमचं मन बरोबर सांगतंय, तिथे व्यवहार पूर्ण करा आणि मोकळे व्हा. बाकीच्यांनी जे केलं ते परत मिळावं म्हणून केलेलं नव्हतं. ते तुम्ही स्वीकारलंत हेच त्यांना हवं होतं.

उरला मुलांचा प्रश्न. जेवायच्या वेळी सगळ्यांनी आळीपाळीने तीन गोष्टी सांगायच्या, असा नियम करू नका. चार दिवसांत मुलं 'आई, बाबा, शाळा' म्हणून मोकळी होतील, जसे तुम्ही आज होता. जेफ्री फ्रो, जियाकोमो बोनो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ८ ते ११ वर्षांच्या मुलांसोबत केलेलं काम मला फार पटतं. त्यांनी मुलांना आभार मानायची शिकवण दिली नाही, विचार करायला शिकवलं. मदत करणाऱ्याचा हेतू काय होता, त्याला काय सोसावं लागलं, आणि मला त्यातून काय मिळालं. त्या मुलांमध्ये कृतज्ञता वाढलेली दिसली आणि ती आपणहून आभाराच्या चिठ्ठ्याही जास्त लिहू लागली. घरी हेच करता येतं, तेही वही-पेनाशिवाय. आजोबांच्या आजारपणात कोण काय करतंय ते मुलांच्या कानावर पडू द्या: 'काकाने आज त्याची सुट्टी रद्द केली, म्हणून मला दुपारी झोपता आलं.' मुलाला विचारावंसं वाटलं तर 'आज तुझ्यासाठी कोणी काही केलं का? त्याला ते का करावंसं वाटलं असेल?' असं विचारा. उत्तर आलं नाही तर तिथेच सोडून द्या, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याकडचीच एखादी गोष्ट सांगा.